मांजराच्या मिशा

मांजराचा वरचा ओठ, गाल, भुवया आणि हनुवटी या ठिकाणी उगवणारे लांब, जाड व ताठ केस. प्राणिशास्त्रात त्यांना स्पर्शकेस म्हणतात. वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना साधारण 12-12 केस चार ओळींत असतात, आणि वरच्या दोन ओळी खालच्या दोन ओळींपासून वेगळ्या हलवता येतात. असेच थोडे केस पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटापाशीही असतात. घरात वर्षानुवर्षे मांजर असूनही ते बहुतेकांनी पाहिलेले नसतात. मांजर मांडीवर निवांत असताना पंजा हलकेच उलटा केला की दिसतात.

मिशीचा केस निर्जीवच असतो, आपल्या नखांत असते त्याच केराटिनचा बनलेला. जाणीव आहे ती मुळाशी. अंगावरच्या केसापेक्षा मिशी दोन-तीन पट जाड असते आणि तिचे मूळ सुमारे तिप्पट खोल जाते. या मुळाभोवती रक्ताने भरलेली पोकळी आणि तिच्या आवरणात मज्जातंतूंची दाट टोके असतात. मिशीच्या टोकाला गवताची काडी लागली, तरी केस तरफेसारखा मुळाशी हलतो आणि कोणत्या बाजूने, किती जोराने धक्का बसला याची खबर चेहऱ्याचा स्पर्श वाहून नेणाऱ्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. मेंदूत या खबरीसाठी स्वतंत्र जागा राखलेली असते. प्रत्येक मिशीचा मेंदूत वेगळा ठिपका असतो, हे थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस या शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवून दिले.  म्हणून मिशीला केसांत न मोजता डोळा-कानाच्या पंगतीत बसवणे योग्य ठरेल.

मिशांचे खरे काम कळायचे तर विदर्भातल्या शेतकऱ्याचे घर सुगीनंतर पाहावे. सोयाबीनची पोती भिंतीला लागलेली, एका खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला, पुढे तूर आणि हरभरा येतो. अंगणात जळणासाठी पऱ्हाटीचा ढीग, कोठ्यात कुटार, वर कवेलूंखाली माळा. उंदरांना याहून चांगली वस्ती कुठे मिळणार? रात्री लाईन गेली की या सगळ्यात मिट्ट काळोख असतो. मांजराला आपल्यापेक्षा बऱ्याच कमी उजेडात दिसते हे खरे, पण उजेड अजिबातच नसेल तर त्यालाही काही दिसत नाही. शिवाय त्याच्या डोळ्यांत एक मोठी उणीव आहे: तोंडापासून सुमारे 25 सेंटिमीटरच्या आतली वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणजे दूरची हालचाल टिपणारा हा शिकारी ऐन घास घेण्याच्या क्षणी जवळजवळ आंधळा असतो.

ही उणीव मिशा भरून काढतात. झेप घेताना मिशा पुढे वळतात आणि उंदीर तोंडात आला की त्याच्याभोवती जाळीसारख्या धरल्या जातात. उंदराच्या केसांची दिशा, त्याची धडपड, मान कोणत्या बाजूला आहे, हे सगळे तेव्हा स्पर्शाने कळते. मांजराचा सुळा मानेच्या मणक्यांमध्ये नेमका बसावा लागतो. तो चुकला तर उंदीर उलटून नाकाला चावतो. पंज्याखाली दाबलेला उंदीर अजून हलतो आहे का, हे मनगटावरचे केस सांगतात. मिशा तुटलेले मांजर उजेडात डोळ्यांच्या आधाराने निभावून नेते, पण अंधारात त्याचा घाव चुकतो. दाणे राखणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

या खेळात उंदीरही निःशस्त्र नसतो. त्यालाही मिशा आहेत, आणि तो त्या सेकंदाला अनेकदा मागेपुढे फिरवत भिंतीच्या कडेकडेने धावतो. उंदराची वाट नेहमी भिंतीलगत असते त्याचे हे एक कारण. मांजर मिशा अशी सतत फिरवत नाही. गरज पडली की पुढे आणते, एरवी बाजूला सैल ठेवते.

पोत्यांच्या फटीत डोके घालताना मिशा दोन्हीकडे टेकल्या की जागा अरुंद आहे, हे मांजराला लगेच समजते. भिंत किंवा खांब जवळ आल्यावर हवेच्या झुळकीत होणारा बदलही मिशांना जाणवतो. मात्र मिशांची लांबी अंगाच्या रुंदीइतकीच असते, हा सर्रास सांगितला जाणारा नियम जपून घ्यावा. लांबी आनुवंशिक असते. खाऊन-पिऊन सुटलेल्या बोक्याच्या मिशा पोटाबरोबर वाढत नाहीत. उभट गंजातून, म्हणजे खोल भांड्यातून, दूध पिताना मिशा घासून मांजराला त्रास होतो, असेही अलीकडे सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण पसरट ताटली ठेवल्याने बिघडत काहीच नाही.

मिशांवरून मांजराचे मनही वाचता येते. निवांत असेल तर त्या बाजूला सैल, कुतूहल जागे झाले की पुढे, आणि भ्याले की गालांना चिकटून मागे. अंगणात कुत्रा शिरताच हा बदल क्षणात होतो. अशा वेळी लहान मुलांना मांजर उचलू देऊ नये.

पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले आणि कान बंद असतात. डोळे उघडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. मिशा मात्र जन्मतःच असतात. वास, ऊब आणि हा स्पर्श यांच्या बळावरच ती आईच्या कुशीपर्यंत सरकतात.

मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्याच्या जंगलांतले वाघ-बिबटे आणि शेतशिवारातले रानमांजर यांच्या मिशांची रचना हीच आहे. वाघाच्या मिशीत विष असते किंवा ती जवळ ठेवल्याने ताकद येते, या समजुतींना कसलाही आधार नाही. त्यांपायी वाघांचे जीव मात्र गेले आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघाची मिशी जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. मृत वाघ आढळला की नखे आणि दातांबरोबर मिशाही शाबूत आहेत का, हे वनखाते तपासते.

घरच्या मांजराच्या मिशा अधूनमधून एक-एक गळतात आणि काही आठवड्यांत पुन्हा येतात. त्याची काळजी नको. इजा होते ती माणसांच्या घरात. थंडीच्या दिवसांत मांजर चुलीच्या उबेला झोपते आणि निखाऱ्याजवळ तोंड गेल्याने मिशांची टोके करपून वळतात. लहान मुले खेळता खेळता कात्री चालवतात. केस कापताना वेदना होत नाही, पण ओढला तर फार होते, कारण मूळ मज्जातंतूंनी वेढलेले असते. मिशा गेलेले मांजर काही दिवस उडीचा अंदाज चुकते, कडांवर अडखळते. नव्या येईपर्यंत रात्री त्याला कठडा नसलेल्या विहिरीपासून दूर, घरात ठेवावे.

उंदरांसाठी लावलेला चिकट पुठ्ठा हे नवे संकट आहे. मांजराचे तोंड त्यात अडकले तर पुठ्ठा ओढून काढू नये, मिशा मुळासकट निघतात. अडकलेल्या भागावर खाण्याचे तेल हळूहळू चोळत गोंद सैल करावा, नंतर कोमट पाण्याने आणि थोड्या साबणाने पुसून घ्यावे. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही लावू नये. मांजर अंग चाटते आणि ते पोटात जाते.