प्रवाळाची टाकी आणि चुन्याची निवळी

घरात प्रवाळाची टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवायचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आहे म्हटल्यावर मुंबईकर पाहुणा हमखास विचारतो, "समुद्र तर हाकेच्या अंतरावर आहे, दादर चौपाटीवरून दोन कॅन भरून का नाही आणत?" माहितगार असेल तर हाजीअलीचा दाखलाही देतो. तिथे आणि वरळीला प्रवाळ आहेत हे खरंच. कोस्टल रोडच्या कामात आलेल्या काही वसाहती 2020 मध्ये तिथून उचलून दुसरीकडे रुजवाव्या लागल्या. पण त्या जाती गढूळ पाण्याला सरावलेल्या आहेत. पावसाळ्यात नाले आणि खाड्या किनाऱ्यावर जे ओततात त्याने खारटपणा उतरतो, गाळ आणि सांडपाणी वाढतं. म्हणून टाकीवाले आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात सागरी मीठ विरघळवतात, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम.

(एक महत्त्वाचं. आपल्या समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. क्रॉफर्ड मार्केटला कुणी "लोकल पीस" दाखवला तर तिथून निघून यावं.)

असं पाणी एकदा तयार करणं सोपं आहे. ते रोज तसंच राखणं कठीण, कारण प्रवाळ त्यातूनच आपला सांगाडा उभारतात. हा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. तो रचताना एका कॅल्शियम आयनामागे दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, लिटरमागे 420 मिलिग्रॅमच्या आसपास. बायकार्बोनेट मात्र बेताचंच. त्याचा साठा आपण अल्कलिनिटी म्हणून मोजतो, ती असते जेमतेम 7 ते 8 डीकेएच (हे तिचं एकक). आता हिशेब बघा: लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की सोबत 2.8 डीकेएच जाते. कॅल्शियम 420 वरून 400 वर आलं, हे पाणी तपासायच्या साध्या किटवर धड कळतही नाही. अल्कलिनिटी तेवढ्यात 8 वरून 5.2 वर आलेली असते, एक तृतीयांशाहून जास्त साठा संपलेला. नवख्याने आधी अल्कलिनिटीचं किट घ्यावं ते यासाठी. नळीतलं निळं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, इतकंच काम.

ही तूट भरायचे उपाय अनेक आहेत. माझा जीव जडलाय तो चुन्याच्या निवळीवर. शाळेत आपण निवळीत नळीने फुंकलेलं असतं आणि ती दुधाळ झालेली पाहिलेली असते. दुर्दैवाने बहुतेक वर्गांत प्रयोग तिथेच थांबतो. तसंच फुंकत राहिलं तर दुधाळपणा हळूहळू जातो आणि पाणी पुन्हा नितळ होतं! पहिल्या टप्प्यात कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट बनतं, आणखी वायू मिळाला की त्याचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. टाकीत निवळी थेंबथेंब सोडली की शेवटी हेच हाती लागतं: एक कॅल्शियम, दोन बायकार्बोनेट. प्रवाळाने ज्या प्रमाणात घेतलं त्याच प्रमाणात परत. शिवाय कार्बन डायऑक्साइड वापरला गेल्यामुळे पीएच वर येतो. रात्री दिवे बंद असतात, प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं आणि पीएच उतरतो. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या खोलीत तर आणखीच. म्हणून निवळी रात्री सोडावी.

निवळीच्या बरणीत वर पातळ साय धरते, तळाशी गाळ बसतो. दोन्ही न ढवळता मधलं नितळ पाणीच घ्यायचं. त्याचा पीएच 12 च्या वर असतो, तेव्हा हात आणि डोळे सांभाळा. एकदम ओतलं तर टाकीतच पांढरा साका होतो. एरवी समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट अतिसंपृक्त असूनही साका होत नाही, याचं बरंचसं श्रेय मॅग्नेशियमला. लिटरमागे 1300 मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं हे मूलद्रव्य वाढू पाहणाऱ्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि वाढ अडवतं. ते कमी झालं की अल्कलिनिटी कितीही भरा, टिकत नाही.

पाण्याचं हे गणित न तपासता, टाकीतला मासा मेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" असं सांगणारे वास्तुवाले भेटतात. या समजुतीची मला मनापासून चीड येते, कारण तिच्यामुळे कारण शोधायचं राहून जातं आणि त्याच पाण्यात पुढचा मासा सोडला जातो.

निवळीला एक मर्यादा आहे, आणि मुंबईत ती दरवर्षी जाणवते. जेवढं पाणी उडून जातं तेवढीच निवळी घालता येते, जास्त घातली तर खारटपणा उतरतो. 200 लिटरच्या टाकीत एक लिटर संपृक्त निवळीने अल्कलिनिटी वाढते सुमारे 0.6 डीकेएच. जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, प्रवाळांची भूक तीच राहते. तेव्हा उरलेली तूट खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्या वेगवेगळ्या द्रावणांनी भरावी, दोन्ही एकत्र न करता, आणि अल्कलिनिटी दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त वाढू न देता. ऑक्टोबर हीट सुरू झाली की पाणी पुन्हा भराभर उडतं आणि निवळीही जास्त घालता येते. त्याच आठवड्यात सोड्याचा डोस कमी करायचा, नाहीतर अल्कलिनिटी 12 डीकेएचच्या पुढे जाते.