विंड चिलचा आकडा आला कुठून?

माझी मावसबहीण टोरंटोला असते. जानेवारीत तिचा मेसेज आला, आज उणे १० आहे पण ‘फील्स लाइक’ उणे २०. झालं, आमच्याकडे लगेच वाद सुरू, मग खरं टेंपरेचर कुठलं? खरं उणे १० च. उणे २० हा विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या अंगाला जेवढी थंडी जाणवते तो आकडा, तो कुठल्याही थर्मामीटरवर दिसत नाही, गणित करून काढतात, वारा ताशी ३० किलोमीटर असला की उणे १० चे साधारण उणे २० होतात. कॅनडात तर हा आकडा सांगताना पुढे ‘अंश सेल्सिअस’ लावतच नाहीत, नुसतं उणे २० म्हणतात, आणि मला विचाराल तर तेच बरोबर आहे.

या गणिताची सुरुवात एका बॉय स्काउटपासून होते. पॉल सिपल, १९२८ मध्ये रिचर्ड बर्डच्या अंटार्क्टिका मोहिमेसाठी अख्ख्या अमेरिकेतून निवडलेला १९ वर्षांचा पोरगा. तो नुसता फिरून आला नाही, पुढे भूगोलात पीएचडी केली, आणि १९३९ च्या त्या प्रबंधात त्याने ‘विंड चिल’ हा शब्द वापरला. मग परत अंटार्क्टिका. १९४१ च्या हिवाळ्यात लिटल अमेरिका तळावर तो आणि चार्ल्स पॅसेल नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ, दोघांनी काय केलं तर प्लास्टिकच्या एका नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरलं, छपरावरच्या खांबाला टांगलं, आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते बघत बसले. वारा जास्त तेवढं लवकर गोठतं. आपण बशीतला चहा फुंकतो तशातलाच प्रकार, फक्त चहाची वाफही उडते, इथे बंद नळकांडं म्हणजे निव्वळ वाऱ्याने पळवलेली उष्णता. अंगाभोवतीसुद्धा गरम हवेचा एक पातळ थर असतो, वारा तोच उडवून लावतो.

हे १९४५ मध्ये छापून आलं. सैनिकांना कुठे कसले कपडे द्यायचे यासाठी त्याचा उपयोग होता, आकडे किलोकॅलरीत, म्हणजे किती उष्णता निघून जाते त्याचे. ते सामान्य माणसाला काय कळणार, म्हणून पुढे त्याचं ‘एवढ्या तापमानासारखं वाटेल’ असं रूपांतर झालं आणि ते रोजच्या हवामानाच्या बातम्यांत आलं.

पण गोची अशी की नळकांड्याला ना कातडी ना रक्त. शिवाय वारा मोजतात जमिनीपासून १० मीटर उंचीवर आणि आपलं तोंड असतं दीड मीटरवर, तिथे वारा बराच कमी. त्यामुळे जुना आकडा थंडी फुगवून सांगायचा, बहिणीचा तो दिवस जुन्या गणिताने उणे २५ च्या घरात गेला असता. शेवटी २००१ च्या जूनमध्ये टोरंटोतच, सहा पुरुष आणि सहा बायका अशा १२ जणांना गार हवेच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं, कपाळ, नाक, गाल, हनुवटीला सेन्सर चिकटवून. रँडल ऑस्चेव्स्की आणि मॉरिस ब्लूस्टीन या संशोधकांचं नवं गणित त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून अमेरिका आणि कॅनडात लागू झालं. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं लोक नळकांड्यातल्या पाण्याच्या हिशोबाने स्वेटर घालत होते!

हा आकडा फक्त उघड्या कातडीचा आहे हे मात्र लोक विसरतात. हवा २ अंश आणि विंड चिल उणे ५ असला म्हणून नळातलं पाणी गोठत नाही, वाऱ्याने वस्तू लवकर गार होते पण हवेपेक्षा गार नाही. आणि हे फक्त बर्फाळ देशांपुरतं नाही बरं का. निफाडला पहाटे ६ अंश असताना बाईकवर ताशी ५० ने निघालात तर त्याच गणिताने तोंडाला शून्य अंशासारखं लागतं, वारा बाहेर नसला तरी तुम्हीच तो तयार करता. म्हणून नुसता जाड स्वेटर कामाचा नाही, त्यातून वारा आरपार जातो, वरून वारा अडवणारं जॅकेट पाहिजे आणि कान झाकलेले पाहिजेत.

विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, म्हणजे फ्रॉस्टबाइट. यावर बर्फ चोळायचा सल्ला शंभरहून जास्त वर्षं चालला, तो आला नेपोलियनचा सर्जन लॅरे याच्याकडून. १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत सैनिक बधिर हातपाय थेट शेकोटीत धरायचे, भाजायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाय परत गोठायचे. ते बघून त्याने शेकणं बंद करायला सांगितलं हे ठीक, पण चोळण्याने आतून आणखी इजा होते. आता ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवतात, तेही परत गोठण्याची शक्यता नसेल तरच, आणि मग डॉक्टर. दारूने ऊब येते हाही भ्रमच, कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं आणि अंगातली उष्णता बाहेर जाते.

गोठलेली जागा बधिर होते, त्यामुळे ज्याची त्याला कळतच नाही. बहीण म्हणते, बस स्टॉपवर उभं असताना आम्ही एकमेकांची नाकं बघतो, शेंड्यावर पांढरट डाग दिसला की बस सोडून आधी आत पळायचं.