गावचं दगडी देऊळ दुरुस्त करण्याआधी
(खानदेशातील देवस्थान समित्या व ग्रामपंचायतींसाठी माहितीपत्रक)

साक्री तालुक्यातलं बळसाणे किंवा चाळीसगावजवळचं पाटणादेवी पाहिलं असेल, तर तुमच्या गावच्या देवळाची घडण ओळखीची वाटेल. पाटण्याच्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. बांधणीची ही रीत तेव्हाच पक्की झालेली होती.

काळ्या दगडाच्या घडीव शिळा चुन्याशिवाय, कोरड्याच एकमेकींवर बसवलेल्या असतात. छताला खरी कमान नसते. तुळयांच्या कोपऱ्यांवर तिरक्या शिळा ठेवत चौकोन लहान करत आणायचा आणि शेवटी वर एक शिळा झाकायची. सगळं वजनावर तोललेलं. म्हणूनच कुठे नवीन वजन चढलं किंवा पाणी कोंडलं, की शिळा सरकतात.

गळती लागली की धाब्यावर सिमेंटचा कोबा टाकतात. ४ इंची कोबा १०० चौरस फुटांवर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, आणि उन्हाने तडकला की पाणी त्याखालीच मुरतं. आमचा आग्रह असा: आधीचे सिमेंटचे थर हातछिन्नीने, थोडेथोडे काढा. मग त्या जागी चुन्याचा थर द्या: १ भाग चुना, १ सुरखी (विटांची पूड), २ वाळू. कळीचा चुना किमान १५ दिवस भिजलेला हवा. कालवायच्या पाण्यात बेलफळाचा गर आणि गूळ. उतार दर १० फुटांना २ इंच, थेट पन्हळीकडे. वर १० दिवस ओली पोती. हे काम दिवाळीनंतर ते माघापर्यंतच करा. वैशाखात चुना मुरण्याआधीच सुकतो आणि भेगाळतो.

भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. आतली ओल तिथून बाहेर पडते. वाट बुजली की ती क्षारांसकट दगडातून निघते आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटनेही हेच होतं. लागलेला रंग ॲसिडने किंवा वाळूच्या फवाऱ्याने काढू नका, कोरीव चेहरे कायमचे जातात.

पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, मुळासोबत शिळाही येते. बुंधा कापून मूळ जागेवरच मारावं लागतं, आणि ते मेल्यावरच सुटलेली शिळा परत बसवावी.

देऊळ संरक्षित आहे का, हे आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. असेल तर परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही. केंद्र-संरक्षित देवळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. सभागृह किंवा कमान तिथे आखू नका.

आम्हाला बोलावण्याआधी चारही बाजूंचे आणि धाब्याचे फोटो काढून ठेवा. पावसात नेमकं कुठे गळतं, तिथे खडूने खूण करा.