१४ कोटींपासून १४ कोटींपर्यंत: फास्ट अँड फ्युरियसच्या गल्ल्याची पार्श्वभूमी

२०२३ मध्ये गाड्यांच्या 'फास्ट अँड फ्युरियस' या हॉलिवूड सिरीजचा दहावा भाग 'फास्ट एक्स' आला तेव्हा आमच्या ग्रुपवर जाम वाजलं होतं. एकाचं म्हणणं, जगभरात ७० कोटी डॉलरच्या वर गेलाय, अजून काय पाहिजे हिट म्हणायला? दुसरा म्हणे, अरे पण खर्च बघ की! दोघंही आपापल्या जागी बरोबरच, पण हे भांडण नीट कळायचं तर पार २००१ पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा, पहिल्या भागात, सिरीजमधली ही मंडळी रात्री हायवेवर ट्रक अडवून डीव्हीडी प्लेअर चोरायची, जग वाचवायचं काम अजून कोणी त्यांच्या गळ्यात मारलेलं नव्हतं.

पहिल्या पिक्चरचं मूळ एका लेखात आहे. मे १९९८ च्या 'व्हाइब' मासिकात केन ली या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या बेकायदा रेसिंगवर लिहिलं होतं, जपानी गाड्या घ्यायच्या, इंजिनात वाट्टेल ते बदल करायचे आणि रात्री सिग्नल ते सिग्नल उडवायच्या. युनिव्हर्सल स्टुडिओने ते उचललं, डायरेक्टर रॉब कोहेनने सगळं लॉस एंजेलिसला नेऊन ठेवलं. नावसुद्धा स्वतःचं नाही, रॉजर कॉर्मनच्या १९५० च्या दशकातल्या एका सिनेमाकडून घेतलेलं.

बजेट ३ कोटी ८० लाख डॉलर. विन डिझेल, पॉल वॉकर ही नावं तेव्हा कोणी पोस्टर बघून तिकीट काढावं इतकी मोठी नव्हती. २२ जून २००१ ला लागला आणि पहिल्याच वीकेंडला ४ कोटी डॉलर! पण 'खर्च निघाला' असं लगेच म्हणायचं नाही हां, कारण तिकिटाच्या पैशातला साधारण अर्धाच स्टुडिओकडे जातो, बाकीचा थिएटरवाल्यांचा. पुढे अमेरिका-कॅनडात (तिकडे दोन्ही एकाच हिशोबात धरतात) १४ कोटी ४५ लाख झाले आणि जगभरात मिळून २० कोटी ७० लाख, म्हणजे दहातले सात डॉलर घरचेच. तो १४ कोटींचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणारे.

दुसऱ्या भागात डिझेल नव्हता तरी २००३ मध्ये साडेतेवीस कोटींच्या आसपास निघाले. २००६ चा 'टोकियो ड्रिफ्ट' मात्र आपटला. ८.५ कोटींचं बजेट, अमेरिकेत जेमतेम सव्वासहा कोटी, जगभरात सोळाच्या आत. गंमत म्हणजे गाड्यांचं वेड असलेली पोरं आजही ह्याचीच शपथ घेतात, मीसुद्धा त्यातलाच, पण प्रेमाने गल्ला भरत नाही. त्यात शेवटी डिझेल दोन मिनिटं दिसतो ना, त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत, बदल्यात त्याच्या दुसऱ्या एका सिरीजमधल्या रिडिक या पात्राचे हक्क मागून घेतले. धंदा असा असतो! मग २००९ ला जुनी चौकडी परत आली, ३६ कोटी निघाले आणि स्टुडिओला कळलं की लोकांना गाड्या हव्यात पण ही माणसं जास्त हवीत.

खरा सांधा बदलला २०११ च्या 'फास्ट फाइव्ह'ला. स्ट्रीट रेसिंगचा पिक्चर म्हटला की गाड्यांची आवड नसलेला अर्धा पब्लिक बाहेरच थांबतो, म्हणून तो चक्क दरोड्याचा सिनेमा केला, ड्वेन जॉन्सनला घेतला आणि रिओच्या रस्त्यांवरून तिजोरी फरफटत नेली. त्यात एक सीन आहे, डॉम (डिझेल) आणि ब्रायन (वॉकर) एका निळ्या पोर्शेसाठी रेस लावतात. रेस सुरू होणार म्हणून आपण सरसावून बसतो आणि कट, पोर्शे जिंकून हे दोघं परत आलेले! रेस दाखवलीच नाही. ज्याच्या जिवावर सिरीज उभी राहिली तेच कात्रीत गेलं आणि गल्ला गेला ६२ कोटी ६० लाखांवर. सहाव्याने २०१३ मध्ये ७८ कोटींच्या पुढे नेला.

सातव्याचं काय सांगायचं. ३० नोव्हेंबर २०१३ ला पॉल वॉकर कार अपघातात गेला, शूटिंग अर्धवट. त्याच्या दोन भावांना उभं करून आणि कॉम्प्युटरवर चेहरा बसवून पिक्चर पुरा केला. एप्रिल २०१५ मध्ये आम्ही बघायला गेलो तेव्हा शेवटी दोन गाड्या दोन रस्त्यांना वळतात तिथे मागच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प झाली होती, लाइट लागले तरी कोणी उठेना. जगभरात १५१ कोटी डॉलर. आपल्याकडेही हिंदी डबिंगसकट १०० कोटी रुपयांच्या पुढे गेला, त्यात आपला अली फजल छोट्या रोलमध्ये होता ते वेगळंच. पण मोठी बातमी चीनची, तिथे ३९ कोटी डॉलर आणि अमेरिकेत ३५. घरच्यापेक्षा शेजारचा गल्ला मोठा झाला.

२०१७ च्या आठव्याचंही तसंच, जगभरात पहिल्या वीकेंडला ५४ कोटी, तेव्हाचा रेकॉर्ड. पण चीनमधल्या तिकिटातले स्टुडिओच्या हातात शंभरातले पंचवीसच येतात, त्यामुळे पाटीवरचा आकडा फुगतो, खिसा त्या मानाने फुगत नाही. नववा कोविडमुळे वर्षभर अडकला, २०२१ मध्ये चीनला पहिला वीकेंड तुफान आणि दुसऱ्यात धाडकन खाली. त्यातच पिक्चरमधला नट जॉन सिना एका मुलाखतीत तैवानला देश म्हणाला आणि मग चिनी भाषेत माफी मागत बसला. एकूण ७२ कोटी.

आणि मग 'फास्ट एक्स'. शूटिंग सुरू होऊन आठवडा होतोय तोवर डायरेक्टर जस्टिन लिन बाहेर, लुई लेटेरिए आत, खर्च ३४ कोटी डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या. अमेरिकेत एकूण किती आले? १४ कोटी ६० लाख. बावीस वर्षांत तिकीट जवळपास दुप्पट महागलं आणि आकडा तोच, म्हणजे बघायला आलेली माणसं साधारण निम्मी. दहातले आठ डॉलर आता बाहेरचे, आणि बजेट पहिल्याच्या नऊपट. शिवाय पिक्चर अर्ध्यात सोडलाय, डॉम आणि त्याचं पोरगं धरणाच्या पायथ्याशी उभे, वर स्फोटकं लावलेली, आणि पुढच्या भागाचं बजेट कितीवर आणायचं याची घासाघीस चालल्याच्या बातम्या नंतर आल्या.