परवाना मालकाचा, टांगती तलवार कामगारावर

ब्रिटनमध्ये परदेशातून माणूस आणून कामावर ठेवायचा तर मालकाकडे होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा, स्पॉन्सर परवाना असावा लागतो. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षभरात असे १,९४८ परवाने रद्द झाले. त्याआधीच्या वर्षी ही संख्या ९३७ होती. परवाना धोक्यात आलेल्या मालकांना सल्ला देणं हे आता तिथल्या वकिलांचं स्वतंत्र कामच झालं आहे. वीस वर्षांपूर्वी या कामाला फारसा वाव नव्हता, कारण असा परवानाच नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालच्या परकीयांविषयीच्या आदेशाने परदेशी माणूस कामावर ठेवायला कामगार मंत्रालयाची परवानगी, म्हणजे वर्क परमिट, सक्तीची झाली. ही परवानगी मालकाने मागायची आणि ती एका माणसापुरती, एका कामापुरती मिळायची. भारतासारख्या साम्राज्यातल्या, पुढे राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना मात्र ती लागत नसे. १९६२ च्या कायद्याने त्यांच्यासाठी रोजगार व्हाउचर आलं, आणि १९७१ चा इमिग्रेशन कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलात आल्यावर बहुतेकांना वर्क परमिटच्याच रांगेत उभं राहावं लागलं. या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही. अर्ज आला की सरकारी अधिकारी तो तपासायचा आणि हो किंवा नाही म्हणायचा. निर्णयाची जबाबदारी सरकारची होती.

२००८ साली ही घडीच मोडली. गुणांवर आधारलेली पद्धत आली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कुशल कामगारांसाठीचा ‘टियर २’ सुरू झाला. एकेका माणसासाठी परमिट मागणं संपलं. मालकाने एकदाच परवाना घ्यायचा आणि मग माणूस निवडून त्याला ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’, म्हणजे व्हिसासाठी लागणारा दाखला, द्यायचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकावर माणशी १०,००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद लागू झाली होती. आज तो दंड पहिल्या वेळी ४५,००० आणि पुन्हा सापडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत जातो. थोडक्यात, सरहद्दीवरची राखण काही अंशी मालकाच्या दारात आणून ठेवली गेली. कामगार ठरल्या दिवशी रुजू झाला नाही, सलग दहा कामाचे दिवस न सांगता गैरहजर राहिला, त्याचा पगार किंवा कामाची जागा बदलली, तर दहा कामाच्या दिवसांत ऑनलाइन कळवायचं. कागद जपायचे. अधिकारी न सांगता तपासणीला आले तर ते दाखवायचे.

मोठ्या कंपन्यांना हे जड गेलं नाही. पुण्या-मुंबईहून लंडनला इंजिनीअर पाठवणाऱ्या आयटी कंपन्यांकडे त्यासाठी वेगळे विभागच असतात. वृद्धांची काळजी घेणारं चाळीस खाटांचं केअर होम चालवणाऱ्या मालकाकडे मात्र हजेरी, पगारपत्रक आणि इमिग्रेशन हे सगळं एकच बाई सांभाळत असते. ती नोकरी सोडून गेली की होम ऑफिसच्या नोंदीत जबाबदार व्यक्ती म्हणून तिचंच नाव राहतं आणि कळवायच्या गोष्टी कळवायच्या राहून जातात.

न्यायालयांनी या पद्धतीला जो अर्थ दिला तो समजल्याशिवाय वकिलाचं काम समजत नाही. २०१३ साली न्यू लंडन कॉलेजच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्याच्या मार्गदर्शक नियमांना वैध ठरवलं. परवाना घेण्याची सक्ती कुणावर नाही. जो घेतो तो त्याच्या अटींसह घेतो, असा त्यातला विचार होता. खटला विद्यार्थी आणणाऱ्या कॉलेजचा असला तरी तत्त्व मालकांनाही लागू झालं. पुढच्या निकालांमधून एक सूत्र पक्कं झालं: परवाना हा विश्वासावर दिलेला आहे, आणि तो विश्वास उडाल्याचं वाजवी कारण असेल तर नियमभंग पुराव्याने पूर्ण सिद्ध होईपर्यंत होम ऑफिसने थांबायची गरज नाही.

परवाना रद्द करण्याच्या निर्णयाविरुद्ध अपीलही नाही. उरतो तो उच्च न्यायालयातला न्यायिक फेरविचाराचा मार्ग. तिथे न्यायाधीश स्वतः नव्याने निर्णय घेत नाहीत, निर्णय कायदेशीर रीतीने घेतला गेला का एवढंच पाहतात. म्हणून खरी लढाई त्याच्या आधीच होते. परवाना निलंबित झाल्याचं पत्र आलं की उत्तराला २० कामाचे दिवस मिळतात. या मुदतीत पगारपत्रकं, बँकेच्या नोंदी, कामाच्या पाळ्या, भरतीचे कागद असं सगळं एकत्र करून प्रत्येक आरोपाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. होम ऑफिस कर खात्याकडची पगाराची माहितीही पडताळतं, त्यामुळे मोघम खुलाशाला तिथे किंमत नाही. उत्तर पटलं तर परवाना पूर्ववत होतो. अर्धवट पटलं तर त्याचा दर्जा ‘बी’वर उतरतो आणि मालकाने पैसे भरून तीन महिन्यांत सुधारणा करून दाखवायची असते. नाहीच पटलं तर परवाना रद्द, आणि पुन्हा अर्ज करायला किमान वर्षभर थांबणं.

अनुभवी सल्लागार म्हणूनच पत्र येण्याची वाट पाहू नका म्हणतात. ते आधीच येऊन सरावाची तपासणी घेतात, म्हणजे अधिकाऱ्यासारखे कागद मागतात आणि कामगारांना विचारतात की तुम्ही नेमकं काय काम करता, किती तास करता, हातात किती पडतं. सर्टिफिकेटवर लिहिलेलं काम आणि उत्तरात आलेलं काम जुळलं नाही तर परवाना तिथेच अडचणीत असतो. चूक सापडली तर ती आपणहून कळवा, मागची तारीख टाकून कागद तयार करू नका, असं जो बजावून सांगतो तोच सल्लागार मला भरवशाचा वाटतो. असा बनावट कागद उघडकीला आला की उरलेल्या शंभर खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

या गोष्टीतलं सगळ्यात दुखरं पान केअर क्षेत्राचं आहे. ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणारे हात आटले, कोविडने उरलेले थकवले. १५ फेब्रुवारी २०२२ पासून वृद्ध आणि अपंगांची सेवा करणाऱ्या साध्या केअर वर्करलाही या परवान्याच्या आधारे मिळणारा व्हिसा खुला झाला. माणसं आली, त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. परवाने मात्र हातचं राखून दिले गेले नाहीत. इमिग्रेशनचे स्वतंत्र निरीक्षक डेव्हिड नील यांचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला २७५ सर्टिफिकेटं वाटायची मंजुरी दिली गेली होती. केवळ चार कर्मचारी असल्याचं सांगणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला १,२३४ सर्टिफिकेटांची मंजुरी मिळाली होती. दारावर राखण करायला मालकाला बसवलं, पण मालकावर नजर ठेवायला पुरेशी माणसंच नेमली नाहीत. हा दोष सरकारचाच होता, असं मी स्पष्ट म्हणेन.

मग कारवाईचा जोर वाढला. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ दरम्यान केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने रद्द झाले. या मालकांशी ३९,००० हून अधिक कामगार जोडलेले होते. परवाना मालकाचा जातो, पण व्हिसाची मुदत कामगाराची कापली जाते. होम ऑफिसचं पत्र आल्यावर त्याला साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा परवानाधारक मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. गावाकडे कर्ज काढून, दलालाला पैसे देऊन गेलेल्या माणसासाठी हे ६० दिवस काय असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही घराला वेगळं सांगायला नको. रहिवासी वृद्धांचं आणि कामगारांचं काय होईल याचा समग्र विचार रद्द करण्याआधी होम ऑफिसने केलाच पाहिजे, अशी मागणी २०२५ च्या सुरुवातीला अपील न्यायालयापुढे झाली. न्यायालयाने तसं बंधन मानलं नाही. म्हणून मालकाला वेळेवर मिळालेला प्रामाणिक सल्ला हा कामगाराच्याही वाट्याचा असतो. होम ऑफिसला उत्तर देण्याची संधी या प्रक्रियेत मालकाशिवाय दुसऱ्या कुणालाच नाही.

सल्ला कुणी द्यावा यालाही कायदा आहे. १९९९ च्या कायद्यापासून, सॉलिसिटर, बॅरिस्टर यांसारखे मान्यताप्राप्त वकील नसलेल्या कुणीही नोंदणी न करता व्यवसाय म्हणून इमिग्रेशनचा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. ही नोंदणी ठेवणारी संस्था जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटी’ या नावाने काम करते. ३१ डिसेंबर २०२४ पासून परवान्याचा आणि सर्टिफिकेटचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाही कुशल कामगारांच्या मालकांना बंदी आहे. तसं केल्याचं आढळलं तर परवाना जाऊ शकतो.

२२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर आणणं बंद झालं. आधीपासून ब्रिटनमध्ये असलेल्यांना ठरावीक अटींवर जुलै २०२८ पर्यंत मालक बदलण्याची वाट उघडी आहे. तोवर त्यांचा नवा मालक आपला परवाना टिकवून आहे का, यावरच त्यांचं तिथलं राहणं अवलंबून आहे.