अप्रूव्हल टेस्ट आणि स्नॅपशॉट टेस्ट: नव्या आउटपुटला ‘हो’ कोण म्हणतं?

अप्रूव्हल टेस्ट आणि स्नॅपशॉट टेस्ट या कोड आपोआप तपासायच्या दोन पद्धती, आणि दोन्हींचा गाभा एकच आहे. प्रोग्रामचं आउटपुट फाइलमध्ये साठवायचं, पुढच्या वेळी नवं आउटपुट त्याच्याशी ताडून पाहायचं आणि फरक पडला की टेस्ट नापास. अपेक्षित उत्तर हाताने लिहायचं नाही. म्हणूनच पायथॉनवाले ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि बराच काळ त्यात काही बिघडतही नाही. फरक कळतो तो आउटपुट बदलल्यावर. नवं आउटपुट बरोबर आहे हे कोणी, काय पाहून आणि किती सहज ठरवायचं, याची दोघांची रीत वेगळी आहे.

समजा ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची मेंटेनन्स बिलं पायथॉनचा एक जुना प्रोग्राम छापतो. सेवा शुल्क, सिंकिंग फंड, फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, थकबाकीवर द.सा. २१ टक्के सरळव्याज. कोडला एकही टेस्ट नाही आणि कमिटीला बिलाचा साचा बदलून हवा आहे. काहीही हलवण्याआधी आजचं आउटपुट जसंच्या तसं बांधून ठेवायला हवं.

अप्रूव्हलटेस्ट्स ही लायब्ररी वापरली तर टेस्टमध्ये बिलाचा मजकूर तिच्या ‘व्हेरिफाय’ या फंक्शनला द्यायचा. पहिल्यांदा टेस्ट नापासच होते, कारण मंजूर असं काही अजून नसतं. आलेला मजकूर ‘रिसीव्ह्ड’ नावाच्या फाइलमध्ये पडतो, डिफ, म्हणजे दोन मजकुरांतला फरक, दाखवणारा प्रोग्राम उघडतो, आणि तुम्ही वाचून पटलं तर तोच मजकूर ‘अप्रूव्ह्ड’ फाइलमध्ये न्यायचा. अप्रूव्ह्ड फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, जाते. रिसीव्ह्ड मात्र गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) टाकायची, नाहीतर कधीतरी कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) घुसतेच. एका ‘व्हेरिफाय’ला साधारण एक फाइल, त्यामुळे मंजुरीही एकेक करूनच द्यावी लागते. सीआयवर, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, स्क्रीन नसतो, तिथे डिफचा प्रोग्राम उघडू पाहणारा रिपोर्टर (फरक दाखवणारा भाग) कामाचा नाही. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचं प्लगइन घालून ‘पायथॉननेटिव्ह’ रिपोर्टर निवडला की फरक लॉगमध्येच छापला जातो.

स्नॅपशॉटकडे सिरपी हे पायटेस्टचं प्लगइन बरंच वापरलं जातं. टेस्टमध्ये मूल्य ‘स्नॅपशॉट’ या फिक्स्चरशी (पायटेस्ट टेस्टला आयती देतं ती वस्तू) बरोबरीच्या चिन्हाने ताडायचं, बस. एका टेस्ट-फाइलमधले सगळे स्नॅपशॉट, म्हणजे साठवलेली आउटपुटं, एकाच साठवण-फाइलमध्ये जातात. इथेही स्नॅपशॉट नसेल तर टेस्ट नापास होते. पण पायटेस्टला ‘स्नॅपशॉट-अपडेट’ हा पर्याय दिला की नवे, बदललेले सगळे एका झटक्यात लिहिले जातात. सोय मोठी आहे आणि धोकाही तिथेच आहे. चाळीस टेस्ट एकदम लाल (नापास) झाल्या की माणूस चाळीस डिफ वाचत बसत नाही, अपडेट मारतो. मग खरी तपासणी पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल सहकाऱ्याने तपासून सामील करायच्या टप्प्यावर, व्हायला हवी, आणि तिथे आठशे ओळींची आपोआप बनलेली फाइल रिव्ह्यू करणारा न उघडताच खाली सरकतो.

यात काय निसटतं ते व्याजावरून बघा. १,००० रुपये थकबाकीवर महिन्याचं व्याज १७.५० आणि ३,००० वर ५२.५०. पायथॉन ३ मधलं ‘राउंड’ अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून पहिल्याचे १८ होतात, दुसऱ्याचे ५२. एकाला पन्नास पैसे वर, दुसऱ्याला खाली! दोन बिलं शेजारी ठेवून वाचणाऱ्या खजिनदाराच्या हे लक्षात येईल. साठवण-फाइलच्या मध्यात गाडलेला ५२ मात्र वर्षानुवर्षं हिरवा (पास) राहील. दोन्ही साधनं आउटपुट बदललं का एवढंच सांगतात. ते बरोबर आहे की नाही हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. (इलाज सोपा आहे: पायथॉनचा ‘डेसिमल’ हा दशांशाचा प्रकार वापरून ‘राउंड-हाफ-अप’ने (अर्धा आला की वर) पूर्णांक करा. पण आधी चुकीचंच आउटपुट मंजूर करा आणि दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये करा, म्हणजे डिफमध्ये फक्त तेवढाच बदल दिसेल.)

म्हणून आमची निवड अशी: जे आउटपुट शेवटी माणूस वाचणार आहे, म्हणजे बिल, नोटीस, अहवाल, ते अप्रूव्हलकडे. एपीआयचा (प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीचा) प्रतिसाद, एकात एक गुंफलेली डिक्शनरी (नाव-मूल्य जोड्यांचा संग्रह), सेटिंग असा माल स्नॅपशॉटकडे. अप्रूव्हलटेस्ट्समध्ये ‘व्हेरिफाय-ऑल-कॉम्बिनेशन्स’ आहे, ते दिलेल्या पर्यायांच्या सगळ्या जोड्या एकदम तपासतं. फ्लॅटचे ४ प्रकार, राहणाऱ्याचे ३, थकबाकीचे ३ दिले की ३६ ओळींची एकच फाइल मिळते. जुन्या कोडचं आजचं आउटपुट बांधून ठेवायला याहून स्वस्त काही नाही. आणखी दोन बाबी वाढवल्या की ओळी शेकड्यांत जातात, मग कोणी वाचत नाही आणि तुम्ही पुन्हा स्नॅपशॉटच्याच रोगावर येता. मधली वाट म्हणजे इनलाइन-स्नॅपशॉट ही लायब्ररी: अपेक्षित मूल्य टेस्टच्या कोडमध्येच लिहिलं जातं, आणि त्याच्या ‘रिव्ह्यू’ पर्यायात बदल मान्य करायचे का हे आधी विचारलं जातं. नाव स्नॅपशॉटचं, वागणूक अप्रूव्हलची.

दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी दोन्हीकडे छळतात. बिलाची तारीख, पावती क्रमांक, यूयूआयडी (दर वेळी नवा बनणारा ओळख क्रमांक). अप्रूव्हलमध्ये मजकुरावर स्क्रबर (असे भाग पुसणारं फंक्शन) चालवतात, रेगेक्सने (मजकुराचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने) तारीख पुसून तिथे ठरलेला शब्द येतो. सिरपीत मूल्याला रचना असते, म्हणून ठरावीक ‘की’ (डिक्शनरीतलं नाव) वगळता येते किंवा मॅचर (जुळणीचा नियम) लावून फक्त प्रकार तपासता येतो. स्क्रबर फार सैल ठेवला तर तो रक्कमही पुसतो आणि टेस्ट कायमची हिरवी होते. शक्य असेल तिथे तारीख बाहेरून द्या, पुसू नका. सेट (क्रम नसलेला संग्रह) थेट मजकुरात छापला तर त्यातल्या स्ट्रिंगचा क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो, तो आधी सॉर्ट करा.

मराठी बिलात आणखी एक खोड आहे. ‘भरणाऱ्या’मधला ऱ एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला दोन्ही सारखे, टेस्टला वेगळे. डिफमध्ये दोन जुळ्या ओळी दिसतात आणि माणूस चक्रावतो. ताडण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणला की हे दोन एक होतात. काही कीबोर्ड र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लिहितात, ते मात्र एनएफसीने सुटत नाही, स्वतंत्र बदलावं लागतं. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, आणि अप्रूव्ह्ड फाइल्सच्या ओळींचा शेवट गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये पक्का करा.

टेस्टचं नाव बदलतानाही दोघांचं वागणं वेगळं. सिरपी जुना स्नॅपशॉट ‘न वापरलेला’ म्हणून दाखवतं आणि अपडेट मारला की तो काढून नवा लिहितं. त्याच वेळी कोडही बदलला असेल तर नव्याची जुन्याशी तुलना झालेलीच नसते. अप्रूव्हलमध्ये जुनी फाइल तशीच पडून राहते आणि नव्या नावाची टेस्ट नव्याने मंजुरी मागते. दोन्हीकडे नाव बदलायचा कमिट वेगळा ठेवा. अप्रूव्हल असेल तर अप्रूव्ह्ड फाइलचं नावही त्याच कमिटमध्ये गिटच्या ‘मूव्ह’ने बदला.