भरतीचं घड्याळ आणि वाऱ्याचा बावटा

किनाऱ्यालगत होडी चालवणारा माणूस निघण्यापूर्वी दोनच गोष्टी बघतो. भरती किती वाजता आणि वारा काय म्हणतोय. हल्ली हे दोन्ही आकडे मोबाइलच्या एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत, शेजारी शेजारी दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवावा. तिथेच घोळ होतो. पुढच्या वर्षीच्या भरतीच्या वेळा आजच छापून ठेवता येतात. परवाचा वारा कुठून येईल हे सांगताना मात्र जाणकारही चाचरतात. या दोन आकड्यांचा इतिहास वेगळा, त्यांच्यासाठी पैसा ओतणारे वेगळे. आणि गंमत म्हणजे छोट्या होडीवाल्याचा विचार दोघांपैकी कोणाच्याच मनात नव्हता.

आधी भरती, कारण तिची गोष्ट जुनी आहे.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम जाणवते. त्यामुळे तिथल्या दर्यावर्दींना बाहेरच्या समुद्राने चांगलाच धडा शिकवला. इ. स. पू. ३२५ मध्ये अलेक्झांडरचा ताफा सिंधूच्या मुखाशी नांगरला होता. ओहोटी लागली, पाणी ओसरलं आणि गलबतं कोरडी पडली. हा काय प्रकार आहे ते कोणालाच कळेना. मग पाणी परत आलं. पुढच्या काळातला ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो, की चिखलात नीट बसलेली गलबतं अलगद उचलली गेली आणि कडक तळावर कललेली एकमेकांवर आपटून फुटली. इ. स. पू. ५५ मध्ये सीझरचं ब्रिटनच्या किनाऱ्यावर हेच झालं. रात्र पौर्णिमेची, वर वादळ. पौर्णिमेला समुद्राला मोठं उधाण येतं हे आमच्या माणसांना ठाऊक नव्हतं, असं त्यानेच नोंदवून ठेवलंय.

ज्यांचा रोजचा संबंध होता त्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी नोंदवहीत भडोचच्या खाडीचं वर्णन आहे. तिथला राजा कोळ्यांना लांबलचक होड्या देऊन समुद्रात पुढे पाठवायचा. ते परक्या गलबतांना दोर बांधून ओढत आत आणायचे. भरती लागली की ओढायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. मला विचाराल तर वेळापत्रकाचा खरा पूर्वज तो वाटाड्या कोळी. तोही फक्त त्याच्या खाडीपुरता.

ही ‘खाडीपुरता’ अडचण पुढे शतकानुशतकं सुटली नाही. १६८७ मध्ये न्यूटनने सांगितलं, की चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी चढतं. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात येते आणि भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती होते. पण अमुक बंदरात पाणी किती वाजता आणि किती फूट चढेल, याचं उत्तर त्यातून निघत नव्हतं. समुद्राचा तळ, किनाऱ्याचं वळण, खाडीचं अरुंद तोंड या सगळ्यांत सापडून ती लाट लांबते, उशीर करते, कुठे दुप्पट होते तर कुठे विरून जाते. १७७५ च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने वाहत्या पाण्याची गणितं मांडली, तीही बंदरातल्या माणसाच्या हाती लागण्यासारखी नव्हती. दरम्यान लिव्हरपूलसारख्या बंदरांत भरतीची कोष्टकं छापून विकली जात होती. ती बनवायची रीत घराण्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा तेव्हाचा रिवाज. भरती म्हणजे धंद्याचं गुपित.

१८३५ च्या जूनमध्ये विल्यम ह्यूएल या इंग्रज अभ्यासकाने नऊ देशांतल्या साडेसहाशेहून जास्त ठिकाणी एकाच वेळी दोन आठवडे पाण्याची पातळी मोजवून घेतली. त्या काळात हे जमवणं म्हणजे अजब कामगिरी. पण सगळ्या महासागरांना लागू पडेल असा सरळ नियम काही हाती लागला नाही.

वाट सापडली ती निराळ्या दिशेने. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ च्या सुमारास प्रश्नच उलटा केला. भरती अशी का येते ते राहू द्या. एका बंदरातल्या वर्षभराच्या नोंदी घ्या आणि त्यात कोणकोणते ठेके मिसळलेत ते वेगळे काढा. चंद्राचा मुख्य ठेका १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा बरोबर १२ तासांचा. दोघे मागेपुढे होत साधारण पंधरवड्याने जुळतात, तेच उधाण. याशिवाय चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो, कधी विषुववृत्ताच्या वर सरकतो. त्या प्रत्येकाचा आपला एक छोटा ठेका. एका बंदराचे ठेके एकदा सापडले, की पुढची कित्येक वर्षं फक्त बेरीज करायची.

ही बेरीज करायला १८७२ मध्ये केल्विननी यंत्र बांधवून घेतलं. ते समोर असल्यासारखं बघा. पितळी चौकटीत वर-खाली होणाऱ्या कप्प्या, एकेक कप्पी एकेका ठेक्याची. सगळ्यांवरून एकच तार गेलेली आणि तारेच्या टोकाला पेन. हँडल फिरवलं की प्रत्येक कप्पी आपापल्या गतीने झुलते, तार त्या सगळ्यांची बेरीज करते आणि पेन कागदावर भरतीची वळणदार रेघ ओढतं. पहिल्या यंत्रात दहा ठेके होते. अमेरिकेत १९१० मध्ये तयार झालेल्या यंत्रात सदतीस होते आणि ते १९६५ पर्यंत कामावर होतं. संगणकाआधीचा हा संगणक मुख्यतः मोठ्या जहाजांसाठी राबत होता. भरलेलं जहाज बंदराच्या तोंडाशी रुतू नये, एवढी त्याची चिंता.

या बेरजेला किती महत्त्व होतं ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. २० नोव्हेंबर १९४३ ला पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर अमेरिकी नौसैनिक उतरले तेव्हा भांगाची भरती होती. पाणी अपेक्षेइतकं चढलंच नाही. होड्या प्रवाळाच्या कडेवर अडकल्या आणि सैनिक छातीभर पाण्यातून गोळ्या झेलत किनाऱ्याकडे चालत गेले. तीन दिवसांत हजाराहून जास्त अमेरिकी मेले. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवताना ही चूक होऊ द्यायची नव्हती. लिव्हरपूलजवळ भरतीचे जाणकार आर्थर डूडसन यांच्याकडे एका निनावी जागेचे ठेके आले, नाव फक्त ‘पोझिशन झेड’. डूडसनकडे दोन यंत्रं होती. एकाच बॉम्बमध्ये दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती वेगवेगळ्या जागी ठेवलेली. जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेले अडथळे उघडे दिसावेत म्हणून पाणी उतरलेलं हवं, आणि ते पहाटेनंतर लगेच चढू लागायला हवं. असे मोजकेच दिवस यंत्राने काढून दिले.

पण दिवस भरतीने ठरला आणि एका दिवसाने पुढे ढकलला वाऱ्याने. ५ जूनचा बेत जेम्स स्टॅग यांच्या हवामान-गटाने वादळाचा इशारा दिल्यामुळे ६ जूनवर गेला. भरतीचं गणित महिनेआधी पक्कं; वाऱ्याचं उत्तर आदल्या रात्रीपर्यंत हवेत.

आता त्या वाऱ्याची गोष्ट. ती आकड्याने सुरू होत नाही, शिडाने होते. १८०६ च्या जानेवारीत फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत वाऱ्याची एक श्रेणी लिहून काढली, जी पुढे ० ते १२ अशी पक्की झाली. तिच्यात वाऱ्याचा वेग नव्हताच. एवढ्या वाऱ्यात युद्धनौकेने किती शिडं ठेवावीत, हे तिचं माप. १२ म्हणजे ज्यापुढे कुठलंही शीड टिकणार नाही असा वारा. समुद्राच्या रूपावरून श्रेणी ओळखायची पद्धत, म्हणजे ४ ला बऱ्याच लाटांवर पांढरे शेंडे वगैरे, ती विसाव्या शतकातली. श्रेणी ६ हा युद्धनौकेला नुसता जोरकस वारा. पाच-सहा मीटरच्या होडीला तोच घरी बसायचा वारा. मापाचा आकडा सगळ्यांना एकच मिळाला, होडी मात्र ज्याची त्याची.

वारा येण्याआधी त्याची बातमी यायला तारायंत्र लागलं. १४ नोव्हेंबर १८५४ ला काळ्या समुद्रात बालाक्लाव्हापाशी वादळाने इंग्रज-फ्रेंच ताफ्याची वाताहत केली. ल व्हेर्ये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने नोंदी गोळा केल्यावर कळलं, की ते वादळ युरोपवरून सरकत आलं होतं. तारेने बातमी धाडली असती तर ती वादळाच्या आधी पोचली असती.

हे इंग्लंडमध्ये घडवून आणलं रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला जगभर फिरवणाऱ्या ‘बीगल’चे हे कप्तान. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. तेही घराच्या दाराशी, ऑस्ट्रेलियाहून आल्यावर. फिट्झरॉयनी तारेने किनाऱ्यावरून नोंदी मागवायला सुरुवात केली आणि १८६१ च्या फेब्रुवारीत पहिला वादळी इशारा दिला. खूणही साधी. बंदराच्या काठीवर कापडी शंकू चढवायचा. टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. अक्षरओळख नसलेल्यालाही लांबून दिसेल असं. त्याच वर्षी १ ऑगस्टला ‘द टाइम्स’मध्ये जनतेसाठी पहिला अंदाज छापून आला.

अंदाज चुकले की लोक हसायचे, आणि विज्ञानातली बडी मंडळी तर याला शास्त्रच मानायला तयार नव्हती. १८६५ मध्ये फिट्झरॉयनी आत्महत्या केली. १८६६ च्या डिसेंबरात इशारे बंद झाले. मग ओरड झाली ती बंदरांतून आणि दर्यावर जाणाऱ्यांतून, आणि पुढच्याच वर्षी शंकू पुन्हा काठीवर चढले. मला या इतिहासातला हा सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो. दहातले काही इशारे खोटे ठरतात हे त्या लोकांना माहीत होतं, तरी त्यांना इशारा हवा होता.

१८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं आणि हजारो माणसं दगावली. पुढच्या वर्षी त्या बंदरात इशाऱ्यांची व्यवस्था आली. ‘सायक्लोन’ हा शब्दसुद्धा त्याच शहरात हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये घडवला होता. भारतीय बंदरांवरचे आजचे बावटे १ ते ११ नंबरचे. बातम्यांत ‘तीन नंबरचा बावटा’ आपण ऐकतो. अकराव्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना माहीत असतो: हवामान केंद्राशी संपर्क तुटलाय आणि इथल्या अधिकाऱ्याला लक्षणं बरी दिसत नाहीत.

पुढे रेडिओ आला, १९६० मध्ये पहिला हवामान-उपग्रह आला, अंदाज पाच-सात दिवसांवर गेले. त्यापेक्षा महत्त्वाचा झाला शब्दांचा अर्थ. ब्रिटनच्या सागरी बुलेटिनात ‘लवकरच’ म्हणजे ६ ते १२ तासांत, ‘नंतर’ म्हणजे १२ ते २४ तासांत, असं ठरलेलं आहे. लाटांच्या उंचीचंही असंच. युद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी स्वेर्ड्रुप आणि मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी लाटांचा अंदाज बांधायची रीत काढली. तेव्हापासून आपण वाचतो ती उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. दोन मीटर लिहिलंय म्हणजे काही तासांत एखादी साडेतीन-चार मीटरची लाट येणार, हे त्यात गृहीत आहे. १९९८ च्या सिडनी-होबार्ट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सहा जण मेले. त्यानंतरच्या चौकशीत हाच मुद्दा निघाला, की सांगितलेला वारा सरासरी होता आणि पुष्कळांनी तो कमाल समजला. आता ऑस्ट्रेलियाच्या बुलेटिनात स्पष्ट लिहितात, की वाऱ्याचे झोत सरासरीपेक्षा ४० टक्के जास्त आणि लाट दुपटीपर्यंत असू शकते.

भरतीच्या कोष्टकातही असा एक न लिहिलेला भाग असतो. कोष्टक फक्त चंद्र-सूर्याचं सांगतं. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढतं, आणि किनाऱ्याकडे रेटणारा वारा त्यावर आणखी भर घालतो. १९५३ मध्ये ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात उधाणाच्या वेळा कोष्टकात छापलेल्याच होत्या. काही ठिकाणी पाणी त्याहून जवळजवळ तीन मीटर वर आलं. नेदरलँड्समध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. भरतीवाले एका कचेरीत, वारेवाले दुसऱ्या. दोघांना एकत्र बसवायला एवढी किंमत पडली.

छोटी होडी मात्र रोज या दोघांच्या मधोमध असते. समजा, सकाळी आठला पूर्ण भरती, दुपारी दोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी, पाण्याच्या पातळीतला फरक ४.८ मीटर. पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. बाराव्या हिश्शांचा जुना हिशोब धरला तर पहिल्या तासात ०.४ मीटर, दुसऱ्यात ०.८, तिसऱ्या-चौथ्यात १.२ आणि १.२. म्हणजे दहा ते बारा या दोन तासांत निम्मं पाणी खाडीच्या तोंडातून बाहेर पडतं. नेमका त्याच वेळी समुद्रावरून वारा येत असला, की तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर बाहेर जाणारा प्रवाह आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात. लाट आखडते, उभी होते, फुटते. कोष्टकात तेव्हा ‘ओहोटी’ एवढंच लिहिलेलं असतं, अंदाजात वाऱ्याचा वेग ‘१५ नॉट’. सकाळी साडेआठला त्याच दांड्यावरून, त्याच वाऱ्यात, होडी सुखरूप बाहेर गेलेली असते.